घाई घरी ठेवून भूतानला जा

सहा रात्री, सात दिवस, अठरा ठिकाणे! सहलीच्या जाहिरातीत ठिकाणांचा आकडा मोठा असला, की पैसे वसूल होणार असे आपल्याला वाटते. भूतानच्या बाबतीत हा हिशेब चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. जेमतेम केरळएवढा हा देश. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. पण रस्ते वळणावळणाचे, घाटाचे. रोज मुक्काम बदलणारा प्रवासी भूतान पाहतो तो बहुधा मोटारीच्या काचेतून.

भूतानविषयी आपली नेहमीची तक्रार असते ती शुल्काची. सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पाहुण्याला दर रात्रीचे १२०० रुपये मोजावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. आई, वडील आणि दहा वर्षांचे मूल सहा रात्री राहिले, तर १८ हजार रुपये नुसते शुल्काचेच होतात. मध्यमवर्गीय घराला हे जड जाते, हे खरेच. पण या देशाच्या २००८ च्या राज्यघटनेत किमान साठ टक्के भूमी कायम जंगलाखाली ठेवण्याचे बंधन आहे. देवतांची वसतिस्थाने मानलेल्या शिखरांवर गिर्यारोहणालाही तिथे बंदी आहे. जंगल विकायचे नाही, शिखरे विकायची नाहीत, तर राखणीचा थोडा भार पाहुण्याने उचलावा यात अन्याय कसला? रात्रीचे पैसे भरलेच आहेत, तर दिवस मोटारीत का घालवायचा?

पारोला तीन रात्री राहा. तिथला तक्तसांग मठ १६९२ मध्ये कड्यावर बांधला गेला. १९९८ च्या आगीनंतर तो पुन्हा उभारला. खोऱ्यापासून सुमारे ९०० मीटरची चढण आहे. अर्ध्या वाटेपर्यंत घोडा मिळतो. पण पाय धड असतील तर पाइनच्या सावलीतून चालतच जावे. आजी-आजोबांनी मधल्या उपाहारगृहात चहा घेत समोरचा मठ डोळे भरून पाहावा. दुसऱ्या दिवशी कुठेही जाऊ नका. गावात तिरंदाजी चालली असेल तर कडेला उभे राहा. लक्ष्य सुमारे १४५ मीटरवर असते. बाण लागला की गडी गाणे म्हणत नाचतात. संध्याकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे मिरची-चीजची भाजी, जेवावी. ठेचा पचवणाऱ्यांनीही पहिला घास बेतानेच घ्यावा! तापवलेले दगड टाकून गरम केलेल्या पाण्यातले स्नान तर चढणीचा शीण पार घालवते.

पुनाखाला फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर सतराव्या शतकातला किल्लेवजा मठ आहे. तो पाहावा, जवळच्या झुलत्या पुलावरून मुलांना चालू द्यावे, नदीत राफ्टिंग करावे. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी फोबजिखाचे खोरे चुकवू नये. तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे करकोचे तिथे उतरतात. त्यांच्या पंखांना अडथळा नको म्हणून खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. पक्ष्यांसाठी एवढे करणाऱ्या गावात आपण निदान आवाज तरी खाली ठेवावा.

हे सांगावे लागते, कारण थिंपू-पुनाखा मार्गावरच्या दोचुला खिंडीत २०१९ मध्ये एक भारतीय पर्यटक चक्क स्तूपावर चढला आणि त्याचे छायाचित्र सर्वत्र पसरले. तिथले १०८ स्तूप डिसेंबर २००३ च्या लष्करी मोहिमेत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ आहेत. भूतानच्या जंगलात तळ ठोकून भारतात हिंसा करणाऱ्या अतिरेक्यांना हुसकावण्याची ती मोहीम होती. म्हणजे ते सैनिक काही अंशी आपल्यासाठीही लढले. दहा मिनिटांत 'पॉइंट' उरकणाऱ्याला हे कोण सांगणार? थोडे थांबले, विचारले, तरच कळते.

तेव्हा सहल ठरवताना कार्यक्रमपत्रिका घ्या आणि पेन्सिलीने निम्मी नावे खोडा. वाचलेला वेळ मुलांच्या हवाली करा. नदीकाठी दगड गोळा करण्यात त्यांची एक दुपार गेली, तर ती फुकट गेली असे समजू नका.