निर्लेखनाआधी एक पेन ड्राइव्ह लावून बघा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



आमच्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात दहा जुने संगणक आहेत. त्या सगळ्यांपुढे 'निर्लेखित' असा शेरा पडायचा तेवढा बाकी होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमची यंत्रे त्याहून जुनी. देखभालीला आलेल्या माणसाने उभ्या उभ्या निकाल दिला, "गुरुजी, भंगारात काढा."

यंत्रे तर धडधाकट होती. ४ जीबी रॅम, पडदे स्वच्छ, कळफलकाची एखाद-दुसरी कळ तेवढी रुसलेली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली, संगणक सुरू करताना एफ-१२ दाबले आणि हार्ड डिस्कला हात न लावता ती चालवून पाहिली. वायफाय लागले, आवाज आला. मग ती कायमची बसवली. परवान्याचा खर्च शून्य.

सोमवारी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, स्टार्ट कुठे गेलं?" दाखवले. तासाभराने ती इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वतःचे नाव लिहीत होती. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही रचना मुलांना बाराखडीमुळे चटकन कळते. दुसऱ्या कोपऱ्यात स्टेलेरियम हे आकाशदर्शनाचे सॉफ्टवेअर उघडून मुले त्या रात्रीचे आकाश भरदुपारी बघत होती. विंडोज गेल्याचे दुःख कुणालाच नव्हते.

पण सगळेच सुरळीत झाले, असे सांगणार नाही. कार्यालयातील जुनी पत्रे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. तो फॉन्ट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. प्रिंटरनेही दोन दिवस दाद दिली नाही. म्हणून कार्यालयातला नवा संगणक आम्ही विंडोजवरच ठेवला. शालार्थ ही वेतनप्रणाली आणि यू-डायस ही शाळांची माहितीप्रणाली ब्राउझरमध्ये चालतात, त्यांना लिनक्सची अडचण नाही. ऑपरेटिंग सिस्टिम काम आणि यंत्र पाहून निवडावी, सवयीने नव्हे. एवढेच मला म्हणायचे आहे.

केरळने हे केव्हाच करून दाखवले. तिथे 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने सरकारी शाळा लिनक्सवर आणल्या. आज 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही देते. उलट जर्मनीतील म्युनिक महापालिकेने पंधरा हजारांवर संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचे ठरवले. तिथे कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, सत्तेवरच्यांचे मतही पालटले होते. नुसता जीआर काढून बदल टिकत नाही, तो वापरणाऱ्याच्या गळी उतरावा लागतो. आपल्याकडे तर सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि भारतीय भाषांसाठीची 'बॉस' ही लिनक्स आवृत्ती त्याच संस्थेने घडवली आहे. मदत मागायला लांब जायला नको.

म्हणून तीन मागण्या. पहिली, कोणताही शालेय संगणक निर्लेखित करण्याआधी त्यावर लिनक्स चालवून पाहण्याची अट घाला. दुसरी, नव्या खरेदीच्या निविदेत एका कंपनीच्या सिस्टिमचे नाव न लिहिता शाळेला कोणती कामे करायची आहेत ते लिहा. तिसरी, केंद्रस्तरावरच्या एका शिक्षण परिषदेचा दिवस या कामाला द्या आणि प्रत्येक शिक्षकाला स्वतःच्या हाताने सिस्टिम बसवू द्या.

आमच्या दहापैकी आठ संगणकांवर आज वर्ग भरतो. उरलेल्या दोघांच्या हार्ड डिस्क खरोखरच गेल्या आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव आता तेवढ्या दोघांचाच पाठवला आहे.

आपला विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षक