सर्व कर्मचाऱ्यांस कळवण्यात येते की...

गेले दोन आठवडे काही लिहिलं नाही. राग जरा उतरू दे, मग लिहू, असं ठरवलं होतं. आज बसलो तर पहिल्याच वाक्याला कळलं की तो उतरलेला नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसातला एकजण गेला. रविवारी रात्री, झोपेत, हार्ट अटॅकने. वय ४१. माझ्या शेजारच्या खुर्चीत सहा वर्षं बसायचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याच्या बायकोला न विचारता ते लिहिण्याचा मला हक्क नाही.

सोमवारी साडेअकराला मेल आली. इंग्रजीत, चार ओळी. सखेद कळवण्यात येते, मग त्याचा एम्प्लॉयी नंबर, मग त्याची कामं तूर्त कोणाकडे, आणि शेवटी अधिक माहितीसाठी एचआरशी संपर्क साधावा. अंत्यविधी कुठे, किती वाजता, काही नाही. दहा वाजता मी त्याला "कुठे राहिलास?" असा मेसेज टाकला होता. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

गुरुवारी पॅन्ट्रीत गेलो. तिथल्या मामांनी एक कप बाजूला काढून ठेवला होता, बिनसाखरेचा. मला म्हणाले, "साहेब रजेवर आहेत का हो? चार दिवस झाले, चहा ठेवतोय आणि ओतून देतोय."

मामा कंत्राटदाराचे. गेटवरचे वॉचमन, सफाईच्या मावशी, तेही कंत्राटदाराचेच. आमच्याकडे 'सर्व कर्मचारी' नावाची जी मेलची यादी आहे, तिच्यात यांच्यापैकी कोणीच नाही. सहा वर्षं रोज दोन वेळा ज्यांनी त्याच्या हातात कप दिला, त्यांना सांगायचं कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नव्हतं, हे आधी कबूल करतो.

एचआरकडे गेलो. उत्तर तयार होतं: घरच्यांची प्रायव्हसी असते, अफवा पसरतात, लोक डिस्टर्ब होतात.

प्रायव्हसी मान्य. माणूस कशाने गेला हे सांगायचं की नाही, ते घरचेच ठरवणार. पण त्यासाठी घरच्यांना एक फोन करून "काय सांगू, काय नको" एवढं विचारावं लागतं. तो फोन कोणीच केला नव्हता. म्हणजे प्रायव्हसी त्यांची नव्हे, सोय आपली!

अफवांचं म्हणाल तर काहीच न सांगितल्यामुळे त्या पसरल्या. सोमवारी संध्याकाळपर्यंत तीन गोष्टी माझ्या कानावर आल्या होत्या. त्यातली एक इतकी घाणेरडी होती की इथे लिहवत नाही.

आणि लोक डिस्टर्ब होतात? व्हायलाच हवेत. शेजारचा माणूस कायमचा गेला आणि दुपारची मीटिंग वेळेवर झाली, ही काय अभिमानाची गोष्ट आहे?

बाबांच्या सरकारी ऑफिसात दारापाशी एक फळा होता. कोणी गेलं की त्यावर खडूने नाव, वेळ आणि स्मशानभूमी लिहीत. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तोच फळा वाचत. दुसऱ्या दिवशी शोकसभा, दोन मिनिटं सगळे उभे. हेडक्लार्क फॉर्म घेऊन घरी जाऊन बसत आणि सह्या कुठे करायच्या ते दाखवत. बाबा हे वाचतील तेव्हा म्हणतील, तिथेही राजकारण होतंच रे. असेल. पण त्या फळ्याला यादी नव्हती.

आमच्याकडे आठव्या दिवशी त्याच्या बायकोला फोन गेला तो लॅपटॉप परत करण्यासाठी. ग्रॅच्युइटीबद्दल अवाक्षर नाही. कर्मचारी मृत्यू पावला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षं नोकरीची अट लागत नाही. पीएफ असलेल्या माणसाचा १९७६ पासूनच्या ईडीएलआय योजनेखाली विमा असतो आणि त्याचा हप्ता मालक भरतो. ती रक्कम २०२१ पासून जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळू शकते. शिवाय विधवेची आणि मुलांची पेन्शन वेगळी. हे तिला मी सांगितलं, तेही इकडेतिकडे विचारून. ज्यांच्या टेबलावर हे फॉर्म असतात, त्यांना लॅपटॉप आठवला.

मागणं फार मोठं नाही. मेलच्या आधी त्याच्या टीमला कोणीतरी समोर उभं राहून, त्याचं नाव घेऊन, आपल्या भाषेत सांगावं. कंत्राटी माणसांना त्याच दिवशी, त्याच तोंडाने सांगावं. घरच्यांकडे एक माणूस नेमून द्यावा, ज्याचा नंबर त्यांच्याकडे असेल. याला ना बजेट लागतं ना पॉलिसी. फक्त अवघड वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं, आणि नेमकं तेच टाळायला आपण मेल शोधून काढली आहे.

मामांना त्या दिवशी मीच सांगितलं. ते स्टुलावर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सोमवारी सांगितलं असतंत तर पोचवायला आलो असतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.