पंख्यामागची झडप
या आठवड्यात ओळखीच्या एका कचेरीत सर्व्हरचं कपाट उघडं पाहायला मिळालं आणि नजर खिळली ती पंख्यांमागच्या पातळ झडपांवर. एक पंखा बंद पडला होता आणि नेमकी त्याचीच झडप मिटलेली. ती नसती तर? हवा सोपी वाट धरते. बाकीच्या पंख्यांनी बाहेर फेकलेली गरम हवा बंद पंख्याच्या भोकातून परत आत शिरली असती, तिथल्या तिथे घुमत राहिली असती आणि प्रोसेसरवरून जाणारा गार झोत मंदावला असता. या झडपेला ना वीज लागते, ना सेन्सर. पंखा फुंकतो तोवर उघडी, थांबला की स्वतःच्या वजनाने आणि उलट्या दाबाने बंद. इतकं साधं आणि इतकं चोख काम मला फार आवडतं! तुम्ही म्हणाल, मोठा पंखा बसवला की झालं. नाही झालं. हवेला एकच दिशा देणं जास्त मोलाचं. आपल्या घरांत मात्र हवेची वाटच अडवलेली असते: राउटरवर क्रोशाचा रुमाल, सेट-टॉप बॉक्स बंद कपाटात, इन्व्हर्टर भिंतीला चिकटलेला. मंडळी, तो रुमाल आजच काढा आणि यंत्रामागे वीतभर जागा सोडा.