आधी राहायची सोय

आज 26 जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या पुतळ्याला सकाळपासून हार पडतील. भाषणांत 1902चा पन्नास टक्के जागांचा हुकूम येईल, 1917चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण येईल, यायलाच हवे. त्याच चौकाच्या आसपास उभ्या असलेल्या बोर्डिंगांविषयी बोलायला मात्र वक्त्यांना सहसा वेळ उरत नाही. प्रवेशांचे दिवस आहेत, म्हणून आज आम्ही तेवढ्यावरच लिहितो आहोत.

कोल्हापुरात हायस्कूल होते, राजाराम कॉलेज होते. फीचा प्रश्न होताच, पण त्याच्याही आधी भुदरगड-कागलकडून आलेल्या कुणब्याच्या पोराने रात्री पाठ कुठे टेकायची आणि जेवायचे कुणाच्या पंक्तीला, इथे गाडे अडत होते. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून, माधुकरी मागून दिवस काढता येत. इतरांना तोही आधार नव्हता. महाराजांनी आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. त्याचा लाभ प्रत्यक्षात एकाच जातीच्या मुलांना मिळत राहिला. मग 1901मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. 1906मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1907मध्ये लिंगायत, 1908मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशी यादी वाढतच गेली. दरबाराने जागा दिल्या, इमारतींना पैसे दिले, अनुदाने बांधून दिली आणि कारभार त्या त्या समाजातल्या जाणत्यांवर सोपवला. ही शेवटची गोष्ट फार शहाणपणाची. 1922मध्ये महाराज गेले, 1949मध्ये संस्थान विलीन झाले, तरी बोर्डिंगे चालू राहिली.

जातवार बोर्डिंगांनी जाती घट्टच केल्या, असा आक्षेप घेतला जातो. तो झटकून टाकण्याजोगा नाही. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले म्हणून त्यांना परत आल्यावर अंघोळ करायला सांगितले गेले, त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. याच भाऊरावांनी 1924मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली, एका चुलीवरचे जेवू घातली. 1927मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले, तेही छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असेच. कोल्हापूरच्या प्रयोगातले उणे साताऱ्याने भरून काढले. पण कोल्हापुरात राहायची सोयच नसती, तर कुंभोजचा हा मुलगा तिथवर शिकायला आला असता का, हेही विचारून पाहावे.

आता मदतीची रीत बदलली आहे. फी माफ होते, शिष्यवृत्ती खात्यावर जमा होते, निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, त्यांतल्या एकीला पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. योजना वाईट नाहीत. पण पैसा वेळेवर येईल याची खात्री नसते, आणि मेसवाला एक तारखेला आगाऊ मागतो. कॉट बेसिसवर जागा घ्यायची तर अनामत आधी. सत्र अर्धे संपल्यावर आलेल्या हप्त्यातून उसनवारी फिटते, एवढेच. गावाकडून एसटीने येणारा, फडक्यात बांधलेला, वर नाव लिहिलेला डबा घ्यायला स्टँडवर थांबलेली पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. बोर्डिंगात मुलगा ट्रंक घेऊन यायचा आणि त्याच रात्री जेवायचा.

म्हणून जुन्या बोर्डिंगांच्या विश्वस्तांशी थोडे स्पष्ट बोलू. कोल्हापूर असो की दुसरे शहर, अशा संस्थांकडे बहुधा मोक्याची जागा असते. दर्शनी बाजूला दुकानगाळे काढले, हॉल लग्नाला दिला, यात गैर काही नाही. इमारतीची डागडुजी देणग्यांवर होत नाही. मात्र भाड्यातले किती रुपये खाटांवर आणि स्वयंपाकघरावर खर्च होतात, हे दरवर्षी फलकावर लागले पाहिजे. रिकाम्या जागांची माहिती आणि अर्जाचा नमुना निकालाआधीच तालुक्यांतल्या शाळांत पोचला पाहिजे. सध्या ही सोय ओळखीपाळखीतून कळते, आणि ज्याच्या घरात शिकलेले कुणीच नाही त्याला ती कळतच नाही.

दुसरे, मुलींचे. शाहूकालीन बोर्डिंगे प्रामुख्याने मुलांसाठी निघाली. त्या काळाची ती मर्यादा होती. 2024पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. तरीही शहरात भरवशाची खोली मिळाली नाही की घरचे म्हणतात, जवळच्या कॉलेजात जे मिळेल ते घे. नवा मजला चढवायचा विचार ज्या संस्था करत असतील, त्यांनी तो मुलींसाठी चढवावा. त्यासाठी घटनेत किंवा न्यासपत्रात दुरुस्ती लागली, तर धर्मादाय आयुक्तांकडे या पावसाळ्यातच अर्ज करावा.