दाताच्या नावाखाली

गेल्या वर्षी जून महिन्यात माझी लेक आठ महिन्यांची होती. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम अकोल्याच्या घरात बसून करतो. पत्नी लेकीला घेऊन माहेरी, अमरावतीला गेली होती. पहिल्या दिवशी लेकीला चार पातळ जुलाब झाले, दुसऱ्या दिवशी नऊ. पत्नीचा आवाज घाबरलेला होता. सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "दाँत आ रहे बेटा, दस्त तो लगेंगेच." मी "अच्छा" म्हणालो आणि मीटिंगला बसलो. रात्री पत्नी पुन्हा बोलली तेव्हा मी तिलाच समजावलं, की अम्मींनी पाच लेकरं वाढवलीत, त्यांना कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. रात्रीपासून लंगोट कोरडा होता. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी अकोल्याहून निघालो. मी पोहोचेपर्यंत पत्नी कुणालाही न विचारता ऑटो करून दवाखान्यात पोहोचली होती आणि लेकीच्या हाताला सलाइन लागलं होतं. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "तीन दिवस कशाची वाट पाहत होतात?" मी म्हणालो, दात येतायत म्हणून. त्यांनी लेकीच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथं तर अजून सूजसुद्धा नाही."

दोन रात्रींनंतर लेक बरी झाली. ही गोष्ट मी सासूबाईंची तक्रार म्हणून सांगत नाही. चूक माझी होती. अभियांत्रिकीची पदवी माझ्याकडे आहे, हातात चोवीस तास इंटरनेट आहे, आणि तरी मी तपासलं नाही. शिवाय जिला खरं दिसत होतं, त्या आईला मी गप्प केलं.

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे. ग्राहकाची तक्रार आली की आधी बघतात, ती 'नोन इश्यू'च्या यादीत बसते का. बसली की तिकीट बंद. मग लॉग कुणी उघडून वाचत नाही. नंतर कधीतरी सर्व्हर कोसळतो तेव्हा कळतं, की ती तक्रार वेगळीच होती. आपल्या घरांत बाळाचा ताप, जुलाब, उलटी, न खाणं, रात्रभर रडणं, या सगळ्यांवर 'दात येतायत' असा शिक्का मारून आपण तिकीट बंद करतो.

हा शिक्का इतका चपखल का बसतो, याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. दुधाचे दात एकूण वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. कुणाला चौथ्यात, कुणाला वर्ष होत आल्यावर. बहुतेक आधी खालचे दोन मधले येतात. शेवटच्या दाढा अडीच ते तीन वर्षांपर्यंत चालतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या आईवडिलांकडून रोजची नोंद ठेवून घेतली होती. तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. 475 दातांच्या नोंदींवरून त्यांना दिसलं, की दात येण्याचा त्रास आठ दिवसांत आटोपतो: आधीचे चार, फुटण्याचा एक आणि नंतरचे तीन. आता वीस दातांचे आठ-आठ दिवस धरले तर 160 होतात. काही दात जोडीनं येतात, म्हणून थोडे कमी धरा. म्हणजे दोन वर्षांतल्या जवळपास दर पाचव्या दिवशी बाळाला 'दात येतायत' हे खरंच असतं. आणि घरातली मोजणी तर याहून सैल असते, दात पुढच्या महिन्यात आला तरी आपण तो धरतो. अशा वेळी कोणताही आजार दाताच्या खात्यावर लिहिता येतो आणि तो लिहिणारा कधीच खोटा पडत नाही.

आमचंच बघा. लेकीचा दात पाच आठवड्यांनी आला. सासूबाई तिला वाटीतून खिमटी भरवत होत्या आणि चमचा टक् करून वाजला. सगळं घर गोळा झालं. सासूबाई आनंदानं म्हणाल्या, "देखो, मैं बोली थी ना, दाँत केच दस्त थे." मी काही बोललो नाही. तो दिवस त्यांचा होता.

मग दात येताना खरंच काय होतं? लाळ गळते, हिरडी लाल होऊन सुजते, दिसेल ते चावायला लागतं, चिडचिड होते, झोप थोडी मोडते, लाळेनं हनुवटीवर पुरळ उठतो. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण 38 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर 100.4 किंवा त्याहून जास्त ताप दातानं येतो असं धरू नये. वारंवार पातळ जुलाब, उलट्या, खोकला, अंगभर पुरळ यांचंही तेच. क्लीव्हलंडच्या नोंदीत यांचा दातांशी संबंध दिसला नाही. बाळ कान ओढतंय म्हणजे दाढ येतेय असं आपण म्हणतो, ते कानाचं इन्फेक्शनही असू शकतं. तापाचं कारण लघवीच्या मार्गातही असू शकतं.

याच वयात जुलाब का होतात, याची कारणं घरातच असतात. आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरू लागतं. त्याच सुमारास वरचं अन्न सुरू होतं. बाळ रांगायला लागतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. हिरडी शिवशिवत असेल तर जास्तच घालतं. दाताचा आणि जुलाबाचा संबंध असलाच तर एवढाच. आता यात आपलं पाणी मिळवा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलाय. तिथं विहिरीचं पाणी खारं, म्हणून बाहेरून आलेलं पाणी टाक्यांत, ड्रमांत साठवून पुरवायचं. अकोला शहरात महानच्या धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, तेही साठवलेलंच. बैदपुऱ्यात किंवा अकोट फैलात घराघरांत निळे ड्रम आहेत. त्यात हात घालून भरलेला पेला बाळाच्या तोंडाशी जातो. पहिल्या पावसानंतर दवाखान्याच्या रांगेत लेकरं दिसतात ती दातांमुळे नाहीत.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मेळघाटातली बातमी आली होती. चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात 22 दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर गरम विळ्यानं 65 चटके दिले गेले. ती बातमी मी आमच्या ग्रुपवर टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आपण कोणत्या शतकात राहतो?' चार महिन्यांनी माझी स्वतःची लेक शहरात, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, तीन दिवस सुकत होती. चटक्याचा डाग दिसतो म्हणून त्याची बातमी होते. वाट पाहण्याचा डाग पडत नाही. मेळघाटातल्या आईला दवाखाना डोंगरापलीकडे आहे. माझं काय कारण होतं?

दातांवर दोष ढकलण्याची खोड आपल्यापुरती नाही. 1839 साली इंग्लंडच्या मृत्यूनोंदीत पाच हजारांहून जास्त लेकरांच्या मृत्यूचं कारण 'दात येणे' असं लिहिलेलं होतं. तिथं दातांसाठी जी पावडर विकत, तिच्यात पारा असायचा. 1954 मध्ये ती बाजारातून गेली आणि तिच्यामुळे होणारा लेकरांचा आजारही जवळपास संपला. नायजेरियात 2008-09 मध्ये दात येणाऱ्या बाळांच्या एका सिरपात डायइथिलिन ग्लायकॉल निघालं, त्यानं 84 लेकरं गेली. हे दूरचं वाटत असेल तर 2025 चा छिंदवाडा आठवा. तेच रसायन, खोकल्याच्या सिरपात, आणि वीसहून जास्त लेकरं. छिंदवाडा आपल्या शेजारचा जिल्हा आहे.

आता आपल्या घरातल्या डब्यांकडे. हिरडीला शहद आणि सुहागा, म्हणजे मध आणि टाकणखार, चोळायची चाल आपल्या मोहल्ल्यांत आहे, शेजारच्या हिंदू घरांतही आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. 1983 साली सात बाळांना झटके आल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या चोखणीला मध आणि बोरॅक्स लावलं जात होतं, ते बंद केल्यावर झटके थांबले. आणि नुसता मधही वर्षाच्या आत देऊ नये, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये दिला. त्यानं रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. दातांच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दलही त्यांनी 2017 मध्ये इशारा दिला. तपासणीत काही गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण लेबलपेक्षा बरंच जास्त निघालं होतं.

गळ्यातल्या तावीजचा विषय काढला की लोक बिथरतात. मी श्रद्धेबद्दल बोलत नाही. बाळाच्या गळ्यात दोरा आहे आणि ते एकटं झोपलंय, हे धोक्याचं आहे. काळा दोरा असो, मण्यांची माळ असो, कशाचीही असो. झोपवताना काढून ठेवा.

खऱ्या दातदुखीला उपाय साधे आहेत. हात साबणानं धुवून बोटानं हिरडी हलकी चोळा. स्वच्छ सुती फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चावायला द्या. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेली वस्तू हिरडीला इजा करते. रबराची चावणी असेल तर तीही अशीच गार करा. खारीक देतात, ती मऊ झाली की तुकडा सुटतो आणि घशात अडकतो, तेव्हा टाळा. गाजराचंही तसंच. लाळ पुसत राहा, हनुवटीला व्हॅसलिन लावा. फारच त्रास असेल तर पॅरासिटामॉल, पण वजनावरून डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अंगावरचं दूध चालू ठेवा. बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत एकही दात दिसला नाही तर दंतवैद्याकडे न्या.

आणि जुलाब लागले तर दाताचं नाव न घेता ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट असला अंदाज नको. दोन वर्षांखालच्या बाळाला दर पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं द्या. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. दोन्ही आशाताईकडे किंवा सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मागता येतं. मेडिकलमधलं गोड पाण्याचं रंगीत पाकीट म्हणजे ओआरएस नव्हे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं यासाठी भांडल्या, तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर 'ओआरएस' लिहायला मनाई केली.

सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी नाही, शौचात रक्त आहे, बाळ सुस्त पडलंय किंवा दूध ओढत नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी तिथून पुढं घरात चर्चा नको. अमरावतीत डफरीन-इर्विन आहेत, अकोल्यात लेडी हार्डिंग आणि सरकारी मेडिकल कॉलेज. रात्री दोनलाही जा. आणि बाळाला घेऊन निघायचं की नाही, हे ठरवायला आईला नवऱ्याच्या फोनची वाट पाहावी लागू नये. आमच्या घरात ती वाट पाहायला लावणारा मी होतो.

अलीकडे अकीक्याला गेलो की चांदीच्या वाळ्यांऐवजी एक डिजिटल थर्मामीटर आणि ओआरएसची दहा पाकिटं देतो. लोक हसतात. मागच्या महिन्यात ताजनापेठेतल्या एका घरातून रात्री फोन आला, बाळाला 101 ताप आहे, दाताचा असेल का? मी म्हणालो, नाही, निघा. मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज ऐकू आला, "चल बेटा, बुर्खा ला, मैं भी चलती."