भावकीचा रस

इंटरेस्ट या शब्दावर माझं पोट चालतं. बी. कॉम. झाल्यापासून गेली बावीस वर्षं मी तो आकारतोय, जमा करतोय आणि पैशाचा फरक पडला की शिव्या खातोय. तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

इंग्रजांनी या एकाच गड्याला घरची सगळी कामं लावून दिली आहेत. पैशावर चढतो तो इंटरेस्ट, क्रिकेटमध्ये वाटतो तो इंटरेस्ट आणि जमिनीत कुणाचा हक्क गुंतला असेल तर तोही इंटरेस्टच. आपल्याकडे प्रत्येक कामाला निराळा माणूस. पैशाला व्याज, गाण्याला गोडी, पुढाऱ्याला हितसंबंध. कुणाच्या एका थोबाडीत आपण दोन परत केल्या, तर मात्र ती 'सव्याज' परतफेड. इंग्रजही तिथं 'विथ इंटरेस्ट'च म्हणतो. मारामारीत भाषांतराची अडचण येत नाही.

अडचण येते ती अर्जात. आमच्या हेड ऑफिसनं कर्जाचा इंग्रजी अर्ज मराठीत केला. जमिनीत दुसऱ्या कुणाचा इंटरेस्ट आहे का, हा त्यातला प्रश्न. तो छापून आला असा : 'सदर जमिनीत अन्य व्यक्तीस रस आहे काय?'

आमच्या बोरी बुद्रुकच्या तात्यांनी ठिबकच्या कर्जासाठी तो अर्ज घरी नेला, चष्मा लावून भरला आणि या प्रश्नापुढं वळणदार अक्षरांत लिहिलं, 'होय. सगळ्या भावकीला.'

काय खोटं आहे त्यात? कुकडीकाठच्या काळ्या रानात कुणाला रस नसतो? पण अर्ज वरून परत आला. रस असलेल्या सर्व व्यक्तींचं संमतिपत्र जोडावं! तात्यांचं आणि थोरल्या भावाचं बांधावरून अकरा वर्षं बोलणं नाही.

अहो, शब्द शोधायला लांब जायचं कारणच नव्हतं. त्याच अर्जाला टाचलेल्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो. तात्यांचा तो कोरा होता. हक्क, हिस्सा, बोजा हे शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही येतात.

मग इंग्रजीच ठेवा, असं कुणी म्हणेल. मुळीच नाही! नवे शब्दही रुजतात. सावरकरांचा 'दिनांक' आपण रोज लिहितोच की. उलट शिवनेरीवर, म्हणजे आमच्याच तालुक्यात, जन्मलेल्या महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी आमच्या गावच्या नावातला 'बुद्रुक' काही हलला नाही. तो मूळचा फारसी 'बुजुर्ग'. गावानं जिभेवर घोळवून घोळवून त्याला घरचा केला. आमच्या अनुवादकानं 'रस' तोंडात घालूनच पाहिला नाही. कोशातून उचलला आणि छापखान्यात धाडला.

मी हेड ऑफिसला तसं कळवलं. उत्तर आलं : 'आपण दाखविलेल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत.'

तोवर उन्हाळा सरला. तात्यांनी सावकाराकडून पैसे उचलले. सावकाराकडे अर्ज नसतो. तो 'व्याज' म्हणाला, महिन्याला शेकडा तीन, आणि तात्यांना ते एका झटक्यात समजलं.

परवा ते पुन्हा काउंटरवर आले. अर्ज तोच.

"तात्या," मी हळूच म्हणालो, "या खेपेला तिथं 'नाही' लिहा."

तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बँकेत बसून खोटं लिहायला सांगतोस व्हय रं?"