कागद पास, गाडी नापास



आज स्वयंपाकघरातून थेट गॅरेजात जायचंय. ‘तिथे बायकांचं काय काम?’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे आधी वाचावं.

विषय आहे जुन्या गाडीचा आणि पीयूसीचा. गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली, की कधी ना कधी मशीनवर आकडे चढे येतात. मग घराघरांत तीच चर्चा होते. ‘नवा पार्ट कशाला? सेंटरवाला ओळखीचा आहे. शंभर-दोनशे जास्त दिले की कागद मिळतो.’ हे बोलणारे कुणी परके नसतात. सूर्यास्तानंतर घोटभर पाणी न घेणारे, बटाटा-कांदा उंबऱ्याच्या आत न आणणारे आपलेच लोक असतात. आणि आपण बायका? ‘गाडीचं तुमचं तुम्ही बघा’ म्हणून पोळ्या लाटायला वळतो.

मला हे पटत नाही. असा कागद घेणं हे अचौर्य व्रताचं उल्लंघन आहे, आणि भाग बिघडलाय हे कळूनही धूर सोडत फिरणं ही हिंसा आहे. एक्झॉस्टचा जो भाग गेलाय तो बदलणं हा घरखर्चातला सरळ खर्च आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला तर आपण बदलतोच ना?

आधी ही गाडीची भानगड समजून घेऊ, म्हणजे कुणी आपल्याला गुंडाळणार नाही.

गॅसच्या बर्नरची भोकं बुजली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं होतं. हवा कमी पडली, की जळण अर्धवट जळतं. इंजिनातही हेच होतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल नळीतून बाहेर पडतं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत हेच मोजतात. भारत स्टेज-२ आणि ३ च्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. भारत स्टेज-४ च्या गाडीला ती ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. डिझेल गाडीला अॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात.

इंजिनातून धूर निघतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये येतो. त्याच्या जोडावर गॅस्केट असतं. पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येतो. ही मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. विषारी वायू या पोळ्यातून जाताना बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. शेवटी आवाज दाबणारा सायलेन्सर. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्यासाठीच तेव्हा शिसं नसलेलं पेट्रोल आलं, कारण शिशाने तो लेप निकामी होतो.

आता आमच्या घरातलं सांगते. आमची पेट्रोल गाडी २००९ सालची आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पुनर्नोंदणी करून आम्ही ती ठेवली, कारण इंजिन ठणठणीत आहे आणि नवी घेण्याची गरज नाही. पुढच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के आला. सेंटरवाल्यानेच विचारलं, ‘वहिनी, कागद देऊ का करून?’ मी नको म्हटलं आणि नापास झाल्याची पावती मागितली. २०२१ पासून अशी पावती देण्याची तरतूद नियमात आहे, हे लक्षात ठेवा. ती हातात असली, की गॅरेजवाल्याशी अंदाजाने नाही, आकड्यांनी बोलता येतं.

गॅरेजवाल्याचा उपाय त्याहून सोपा होता. ‘कन्व्हर्टर गेलाय. नवा महाग पडतो. आतलं पोळं फोडून काढतो, डबा तसाच राहील. खालून बघितलं तरी कळणार नाही. शिवाय पिकअप वाढेल. पीयूसीचं मी बघतो.’ आमच्या ह्यांची मान हलायला लागली होती. मी म्हटलं, ‘डबा खरा आणि आत काहीच नाही, याला आमच्याकडे नाव आहे.’

खरंच नाव आहे. दशलक्षण पर्वात दहा दिवस आपण तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातले तीन या एका सायलेन्सरला लागू पडतात. पहिला, विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम चुकवून व्यवहार करणं. पैसे देऊन मिळवलेली पीयूसी हेच करते. दुसरा, प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं खोटं खपवणं. पोकळ कन्व्हर्टर म्हणजे दुसरं काय? तिसरा, तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणं. काही वर्षांपूर्वी ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या पुण्या-मुंबईत सतत येत होत्या. चोरांना लोखंड नको होतं, आतल्या लेपातले धातू हवे होते. तेव्हा ‘जुन्या बाजारात स्वस्तात कन्व्हर्टर मिळतो, बिल नाही मिळणार’ असं कुणी म्हणालं, तर तो कुणाच्या गाडीखालून कापून आणलाय हे आधी विचारा. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण दोष देतो. हा व्यवहार त्याहून वेगळा नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं. ‘गृहस्थाला आरंभी हिंसा सुटते का? गाडी चालवली की धूर येणारच.’ बरोबर आहे. आपण श्रावक-श्राविका आहोत, मुनी-आर्यिका नाही. मुलाला शाळेत सोडायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, दुकानाचा माल आणायचा. त्यात वायुकाय जीवांची विराधना होते, ती टळत नाही. पण म्हणूनच आपल्याला अनर्थदंडविरती व्रत सांगितलं आहे. ज्या हिंसेने काहीच प्रयोजन साधत नाही, ती तरी टाळा. फुटक्या गॅस्केटमुळे जास्तीचा जो विषारी धूर निघतो, त्याने तुम्ही दवाखान्यात लवकर पोचत नाही. पेट्रोल मात्र जास्त जळतं. ही निव्वळ प्रमादचर्या आहे. आपल्या आज्या पाणी गाळून जिवाणी परत त्याच विहिरीत सोडत. आपण गाळणं अजून धुतो, वाळवतो, फाटलं की लगेच बदलतो. कन्व्हर्टर हे गाडीचं गाळणं समजा. फाटलेल्या गाळण्याने गाळलेलं पाणी आपण पिऊ का?

शिवाय यात आपल्याच लेकरांचा जीव आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा घट्ट चिकटतो. मॅनिफोल्डचा जोड सुटला असेल, किंवा गंजलेल्या पाइपला मागच्या सीटखाली भोक पडलं असेल, तर तो धूर गाडीच्या आत येऊ शकतो. सिग्नलला काचा बंद, एसी चालू आणि मागे पोरं झोपलेली. डोकं जड होणं, मळमळणं हे ‘गाडी लागण्या’सारखंच वाटतं. ओळखीच्या सेंटरवाल्याचा कागद या धुराला अडवणार आहे का?

दुसरी पळवाट म्हणजे, ‘ट्रक-टेंपो केवढा धूर सोडतात, आपल्या एका गाडीने काय होणार?’ मला या युक्तिवादाची गंमत वाटते. बाजारात सगळे जमीनकंद खातात म्हणून आपण खाल्लं का कधी? तिथे आपण एकटे पडलो तरी ठाम असतो. लग्नाच्या पंगतीत वेगळं ताट मागायला लाजत नाही. मग गॅरेजात ‘नको, नीट करून द्या’ म्हणायला का लाजतो?

तिसरी पळवाट प्रतिष्ठेची आहे. ‘एवढा खर्च करण्यापेक्षा नवी गाडी घ्या.’ ज्यांना परवडतं, त्यांनी घ्यावी. पण चालती गाडी एका भागापायी भंगारात घालून कर्जाने दुसरी आणणं हा अपरिग्रह नव्हे. नवी गाडी घडवायलाही खाण, भट्टी आणि पाणी लागतंच. जुनी वस्तू नीट राखून वापरणं हे आपल्या घरांचं वळण आहे. फक्त राखणं म्हणजे खरंच राखणं, वरून पुसून चकचकीत करणं नव्हे.

आता खर्चाचं. यात घाबरवण्याचे प्रकार फार चालतात, म्हणून क्रम लक्षात ठेवा. नापास झाली म्हणजे लगेच कन्व्हर्टर गेला असं नसतं. आधी स्वस्तातलं बघायचं. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इंजिन ऑइल. मग गळती. थंड गाडी सुरू केल्यावर टिक्‌-टिक्‌ आवाज येत असेल आणि तापल्यावर थांबत असेल, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा संशय घ्या. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर उलट जास्तच सोडतो. म्हणजे काही शे रुपयांच्या गॅस्केटमुळे आकडा वाढतो. त्यानंतर ऑक्सिजन सेन्सर. कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी. थंड असताना त्याच्यावर हलकेच ठोकलं आणि आत खुळखुळलं, तर पोळं फुटलंय. पण तो का फुटला हेही विचारा. इंजिन ऑइल खात असेल किंवा एखादा प्लग नीट जळत नसेल, तर नवा कन्व्हर्टरही लवकरच जाईल. तपासणीआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून न्या. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे यात लबाडी नाही. लबाडी कुठे आहे? सायलेन्सरच्या शेपटीला भोक ठेवलं, तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच कमी येतो. ‘भोक असू दे, फायद्याचं आहे’ असं कुणी म्हणालं, तर गाडी तिथून काढून घ्या.

आमच्या गाडीला गॅस्केट, सेन्सर आणि कन्व्हर्टर तिन्ही लागलं. मजुरी धरून साडेसतरा हजार झाले, बिलासकट. ते मी दुसऱ्या गॅरेजातून करून घेतलं. नंतर आकडा ०.२ टक्के आला. दिवाळीला सोन्याचं वळं घ्यायचं होतं, ते पुढच्या वर्षी. तेव्हा खर्च होत नाही असं मी म्हणत नाही. पण वैध पीयूसी नसताना पकडलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पकडले गेलो नाही, म्हणून व्रत शाबूत राहिलं असंही नाही.

बहिणींनो, घराचा हिशोब आपल्या हातात असतो. किराणा, दूध, फी, देवदर्शनाचा प्रवास, सगळ्याला आपण डबा करतो. त्यात गाडीच्या देखभालीचाही एक डबा करा, महिन्याला पाचशे रुपये टाका. आज गाडीतली पीयूसी काढून तारीख बघा. भारत स्टेज-३ पर्यंतच्या गाडीची मुदत सहा महिने असते, स्टेज-४ आणि त्यापुढच्या गाडीची वर्षभर. त्यावर आकडे छापलेले असतात, ते वाचा. जुनी गाडी आणि सगळे आकडे अगदी गोंडस, तर घरात विचारा की तपासणी झाली तेव्हा नळी खरंच गाडीला लावली होती का. आणि पुढच्या वेळी गाडी घेऊन तुम्ही स्वतः जा.